खळ्यात सुट्टी, सोबत कुत्रा

इंग्लंडच्या नॉरफक किनाऱ्यालगतची गारगोटी आणि विटांची कित्येक जुनी ‘बार्न’ आता सुट्टीची घरं झाली आहेत. बार्न म्हणजे नुसतं कोठार नव्हे, आत खळंही असे. समोरासमोरचे दोन उंच दरवाजे उघडले की वारा आरपार जाई आणि त्यावर धान्य उपणलं जाई. आज बहुतेक ठिकाणी त्या दरवाजांच्या जागी थेट वरपर्यंत काच दिसते.

रूपांतर मात्र सोपं नाही. शेतीच्या इमारतीचं घर करायला इंग्लंडमध्ये २०१४ पासून सुटसुटीत परवानगी मिळते. पण हा किनारा १९६८ पासून संरक्षित निसर्गक्षेत्र, त्यामुळे इथे रीतसर अर्ज करावा लागतो. आढ्याला वटवाघळं किंवा गव्हाणी घुबड असेल, तर कायदा आधी त्यांची बाजू घेतो.

‘कुत्र्यांचं स्वागत’ ही पाटी कुणीही लावतं. खरी परीक्षा दारात! बाहेर नळ आहे का, फरशी दगडी आहे का, ते बघावं. ओल्या वाळूने माखलेला लॅब्राडोर गालिच्यावर अंग झटकतो, तेव्हा स्वागत किती खरं ते कळतं. सोफ्याचं आधीच विचारलेलं बरं.

कुत्र्याला धावायला याच किनाऱ्यावरची होल्कमची रुंद वाळू उत्तम. ब्लेकनी पॉइंटवर मात्र उन्हाळ्यात सुरय पक्षी वाळूतच अंडी घालतात, हिवाळ्यात करड्या सीलची पिल्लं जन्मतात. त्या दिवसांत तिथे कुत्र्यांवर बंधनं असतात. वाटेत मेंढ्या दिसल्या, की पट्टा आखूड धरायचा.