दोष यंत्राचा की खोलीचा?

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० सालच्या टाळेबंदीने माणसांना घरात बसविले तेव्हापासून, पूर्वी आकाशवाणीच्या केंद्रांत आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या बंदिस्त दालनांतच घडणारे ध्वनिमुद्रण मध्यमवर्गीय घराच्या आतल्या खोलीत येऊन स्थिरावले आहे. कोणी कादंबरीचे वाचन करून तिचे श्राव्य पुस्तक सिद्ध करतो, कोणी रियाज मुद्रित करून गुरुजींकडे पाठवितो, कोणी निवृत्त शिक्षिका ज्ञानेश्वरीवरील निरूपण परदेशी वाढणाऱ्या नातवंडांसाठी नोंदवून ठेवते. आणि या सर्वांची तक्रार बहुधा एकच असते, की सामग्री चांगली घेतली, पैसे खर्च केले, तरी आवाज मात्र पोकळ, घुमणारा, दूरवरून आलेला असा ऐकू येतो. अधिक किमतीचा मायक्रोफोन घ्यावा, हा या तक्रारीवरचा बाजारातील तयार उपाय होय, आणि माझ्या मते बहुतेक प्रसंगी तो चुकीचा आहे. दोष कानाला जाणवतो तो मुद्रणाच्या अखेरीस. पण तो उत्पन्न होतो बहुधा अगदी आरंभी, म्हणजे ज्या खोलीत माणूस बोलतो वा गातो त्या खोलीतच, आणि खोलीत उत्पन्न झालेला दोष अधिक संवेदनक्षम मायक्रोफोन अधिकच इमानाने टिपून ठेवतो.

म्हणून पहिला तपास मौनाचा करावा. सर्व सामग्री नेहमीप्रमाणे जोडून, मुद्रण सुरू करून, एक मिनिट काहीही न बोलता स्वस्थ बसावे, आणि नंतर ते मिनिट कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर, आवाज बराच वाढवून, लक्षपूर्वक ऐकावे. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर हा तपास करून उपयोग नाही; त्या चिमुकल्या स्पीकरांतून खालच्या पट्टीतील ध्वनी जवळजवळ उमटतच नाहीत, आणि म्हणून घरात निर्दोष वाटलेले मुद्रण दुसऱ्याच्या हेडफोनवर गुणगुणू लागते. या मौनात अखंड खर्जातील गुणगुण असेल तर दोष विजेचा. बारीक, सतत फुसफुस असेल तर बहुधा पातळी लावण्यातील चुकीचा. मधूनच तडतड होत असेल तर केबलचा, दमट हवेचा अथवा संगणकाच्या दमछाकीचा. आणि पंखा, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा ही तर आपली ओळख आपणच सांगतात. मौन स्वच्छ आहे, पण बोलू लागताच आवाज पोकळ होतो, असे आढळले तर मात्र खोलीकडेच वळले पाहिजे.

खोलीचा हा गुणधर्म शास्त्राच्या कक्षेत आणण्याचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण पदार्थवैज्ञानिकाकडे जाते. १८९५ साली विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, आणि त्यामुळे वक्त्याचे एक वाक्य दुसऱ्या वाक्यावर चढून कोणालाच काही कळेनासे होई. ही तक्रार सॅबिनकडे सोपविण्यात आली. त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणाव्यात, व्याख्यानगृहात मांडाव्यात, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवावी आणि तिचा स्वर विरेपर्यंत लागणारा काळ मोजावा, आणि सकाळपूर्वी सर्व गाद्या जागच्या जागी पोचवाव्यात, असा क्रम चालविला. त्यातून निष्पन्न झालेला नियम आजही प्रमाण मानला जातो: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका घुमारा लांबतो, आणि खोलीतील ध्वनिशोषक द्रव्य जितके अधिक तितका तो आखडतो. बोस्टनचे १९०० साली उघडलेले सिंफनी हॉल याच नियमाच्या आधारे उभे राहिले.

आता आपल्या आजच्या घरांकडे पाहावे. गुळगुळीत लाद्यांची जमीन, गिलाव्यावर रंग दिलेल्या काँक्रीटच्या भिंती, सरकत्या काचांची खिडकी आणि सपाट छत, म्हणजे ध्वनी शोषून घेईल असे काहीही नाही आणि तो परतवील असे सर्व काही आहे! खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणती शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती ध्वनीची फेकाफेक करीत आहेत असे निश्चित समजावे. आपल्या जुन्या बैठकीत सतरंजी, गादी, लोड, पडदे आणि दाटीवाटीने बसलेली माणसे होती, आणि ती सर्वच उत्तम ध्वनिशोषक होती. त्या बैठकीत गायकाचा आवाज जवळचा आणि उबदार वाटे, याला केवळ गायकाची तयारी नव्हे तर त्या गादीचा कापूसही कारण होता, असे मला खात्रीने वाटते.

उपायही तेथूनच घ्यावा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना, दोरीवर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, जाड गोधड्या अथवा रजया टांगाव्यात. जमिनीवर गादी घालावी. समोर कपड्यांनी भरलेले कपाट उघडून ठेवावे. पाठीमागची गोधडी लोक सर्वांत आधी विसरतात, आणि वस्तुतः तिचीच गरज सर्वाधिक असते, कारण नेहमीच्या एकदिशी मायक्रोफोनचे तोंड बोलणाऱ्याकडे, म्हणजेच त्याच्या मागच्या भिंतीकडेही, असते. बाजारातून काही आणायचेच असेल तर खनिज लोकरीचे जाड तक्ते कापडात गुंडाळून लावावेत. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीवर चिकटविण्याची प्रथा मात्र सर्वस्वी टाकाऊ आहे: ते ध्वनी शोषतात अत्यल्प, बाहेरचा गोंगाट मुळीच अडवीत नाहीत, आणि पेट चटकन घेतात. येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. शोषण वेगळे आणि अटकाव वेगळा. गोधडी खोलीतला घुमारा मारील. परंतु रस्त्यावरचा भोंगा अडवायचा असेल तर त्याला जाड, वजनदार आणि फटी नसलेली भिंतच हवी. ती भाड्याच्या घरात बांधता येत नाही, म्हणून पहाटेची अथवा रात्री उशिराची वेळ निवडणे हाच त्यावर शहाणपणाचा बंदोबस्त होय.

गोधडीलाही न जुमानणारा दोष खर्जाचा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच अशी खोली आपल्याकडे सर्रास आढळते, आणि ध्वनिमुद्रणाला तिच्याइतकी प्रतिकूल खोली शोधून सापडणार नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तीन मीटर अंतरावरील दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतील ध्वनी स्थिर लहरी होऊन फुगतो. आणि लांबी, रुंदी व उंची समान असली की तीनही जोड्या त्याच ठिकाणी जोर करतात. डग्ग्याची घुमक आणि पुरुषी आवाजाचा खर्ज ही या पट्टीत अथवा तिच्या पटीत येतात. परिणाम असा, की एखादा स्वर अकारण फुगतो आणि त्याच्या शेजारचा स्वर नाहीसा होतो. खोलीचा कोपरा या फुगवट्याचे माहेरघर असल्याने तेथे कधीही बसू नये. अगदी मध्यबिंदूही टाळावा. आणि कोपऱ्यांत गुंडाळलेल्या कापसाच्या गाद्या उभ्या करून ठेवाव्यात. खर्ज शोषायला जाडी लागते, पातळ फोमचे काम नव्हे.

खोलीची तजवीज झाली की अंतराचा विचार करावा. मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट केले की बोलणाऱ्याचा प्रत्यक्ष आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. म्हणजे हातभर दूर बसणारा माणूस नकळत स्वतःपेक्षा खोलीचेच मुद्रण अधिक करीत असतो. बोलण्यासाठी वीतभर अंतर योग्य. त्याहून फार जवळ गेल्यास एकदिशी मायक्रोफोन खर्ज अवास्तव वाढवितो, आणि शिवाय प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांबरोबर सुटणारा श्वासाचा झोत त्याच्या पडद्यावर आदळून धप्प असा आवाज उमटतो. ‘भाऊ’, ‘फार’, ‘परंतु’ हे शब्द मराठी वाक्यात पदोपदी येत असल्याने आपल्या वाचकांना हा उपद्रव चांगलाच परिचयाचा आहे. मायक्रोफोन तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला, गालाच्या रेषेत ठेवून तोंडाकडे वळवावा आणि मध्ये जाळीचा पॉप फिल्टर लावावा, म्हणजे झोत निघून जातो आणि शब्द राहतो. समोरच्या उघड्या टेबलावरून परतणारा ध्वनीही घातक असतो. तो मूळ ध्वनीच्या मागून एक सहस्रांश सेकंदाने पोचला, तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा ठरावीक ठिकाणी दोघे परस्परांना खोडून काढतात आणि आवाजाचा अंगभूत भरीवपणा हरपतो. टेबलावर जाड टॉवेल अंथरणे हा यावरचा उपाय इतका साधा आहे, की कोणी तो करून पाहत नाही.

विजेच्या गुणगुणीची कथा निराळी. आपल्या देशातील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा, म्हणून ही गुणगुण ५० हर्ट्झची आणि १०० हर्ट्झसारख्या तिच्या पटींची असते. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. गुणगुण तत्काळ थांबली तर चार्जर आणि इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे उपकरण) यांच्या अर्थिंगच्या वाटा दोन झाल्या असून त्यांचे वर्तुळ तयार झाले आहे, असे निदान होते. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्याने हे वर्तुळ पुष्कळदा आटोपते. गुणगुणीऐवजी चरचर ऐकू येत असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्यांची तीव्रता कमीजास्त करणारे बटण, स्वस्त एलईडी दिवा अथवा चौकोनी लहर देणारा इन्व्हर्टर, यांपैकी एकेक बंद करीत पाहावे. मायक्रोफोनसाठी तीन पिनांची संतुलित केबल वापरावी. तीत एकच संदेश दोन तारांतून परस्परविरुद्ध ध्रुवतेने जातो. वाटेत शिरलेला उपद्रव मात्र दोहोंत सारखाच असल्यामुळे वजाबाकीत नष्ट होतो. गुणगुण घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडावी, असा सल्ला काही लोक देतात. तो कदापि ऐकू नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. उपकरणाच्या धातूला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर मुद्रण त्या क्षणी थांबवावे आणि जाणत्या वीजतंत्रज्ञाकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

राहिले ते पातळीचे आणि संगणकाचे दोष, आणि ते थोडक्यात सांगता येतील. गेन, म्हणजे मायक्रोफोनचा संदेश वाढविण्याचे प्रमाण, इतकाच ठेवावा की मोठ्यात मोठा उच्चारही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याची मर्यादा ओलांडली की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि छाटलेले पूर्ववत होत नाहीत. उलट गेन फारच कमी ठेवून मागाहून आवाज वाढविला तर त्याबरोबर फुसफुसही वाढते. मुद्रण २४ बिटचे असावे, आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ यांपैकी जो दर निवडाल तोच इंटरफेसमध्येही आणि सॉफ्टवेअरमध्येही असल्याची खातरजमा करावी. तडतड होत असेल तर सॉफ्टवेअरमधील बफर, म्हणजे ध्वनी तात्पुरता साठविण्याची जागा, वाढवावा. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याचे बटण बंद राहिल्यामुळेच पुष्कळ मायक्रोफोन बिघडलेले समजले जातात. कोकण, मुंबई आणि गोवा येथील वाचकांनी आणखी एक जाणून असावे: पावसाळ्यातील दमट हवा कंडेन्सरच्या पडद्यावर बसली की तडतड सुरू होते, म्हणून काम संपताच तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. गोधड्या-गाद्या न लावलेल्या, घुमणाऱ्या खोलीत तर मी कंडेन्सरऐवजी साधा डायनॅमिक मायक्रोफोनच जवळ घेऊन वापरावा असे सुचवीन.

या सर्व तपासात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक बदलानंतर तोच परिच्छेद पुन्हा वाचून मुद्रित करावा, आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. सॉफ्टवेअरने मागाहून गोंगाट पुसता येतो हे खरे, पण घुमारा पुसणे फार कठीण, आणि अतिरेक केल्यास माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते.

आणि शेवटी एक विनंती. ज्या घरात जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली आजी आहे, एखादी जुनी बंदिश गुरुमुखातून मिळालेले वृद्ध गायक आहेत, गावाकडची बोली अस्सल बोलणारे काका आहेत, त्या घराने सामग्री परिपूर्ण होण्याची वाट पाहू नये. पंखा बंद करावा, चार गोधड्या टांगाव्यात, जवळ असेल तो मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवावा, याच आठवड्यात मुद्रण करावे, आणि मूळ ध्वनिफीत संकुचित न करता, म्हणजे तिचे एमपी३ न करता, दोन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवावी.