छतातले दिवे, भिंतीवरची बटणं

सकाळी ८.३०

कोथरूडमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलच्या स्लॅबला जीआयची चौकट लटकतेय, जिप्समचे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेत. पीओपीवाल्याला आज संध्याकाळपर्यंत माझ्याकडून एकच उत्तर हवंय : भोकं कुठे पाडायची आणि किती मिलिमीटरची. बोर्ड चढून त्यावर पुट्टी फिरली, की दिवा चार इंच सरकवायचा म्हटलं तरी सुतार, रंगारी, वायरमन सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. घरमालक काका-काकूंच्या मुलानं काल रात्रीच मला बारा स्मार्ट डाउनलाइटची लिंक पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘ताई, दीड कोटीहून जास्त रंग!’ रंगांचं बघू. आधी पंखा.

आपल्याकडच्या हॉलमध्ये पंखा मधोमध असतोच, आणि परदेशी मासिकांतल्या सीलिंगच्या फोटोंत तो नसतो. नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिलिमीटर. छतातला दिवा त्या घेराच्या वर किंवा अगदी कडेला आला, की पाती त्याचा उजेड कापत राहतात आणि सोफ्यावर बसलेल्याच्या अंगावर सावल्या थरथरतात. पंधरा मिनिटांत डोकं उठतं, आणि त्यावर कुठल्याही ॲपमध्ये उपाय नाही. त्यामुळे मी पात्याच्या टोकापासून किमान दीड-दोन फूट सोडते. वायरमननं खडूनं जमिनीवरच पंख्याचं वर्तुळ काढलं. लेसरनं ते वर नेलं, तेव्हा मुलाच्या बारापैकी चार दिवे आपोआप बाद झाले.

सकाळी १०.००

उरलेले आठही जास्तच आहेत. हॉल पंधरा बाय बारा, म्हणजे १८० चौरस फूट, साधारण १६.७ चौरस मीटर. बसण्याउठण्याच्या खोलीला १५० लक्स धरले तर खाली २,५०० लुमेन पोचायला हवेत. भिंती, फर्निचर आणि धूळ मिळून निम्मा उजेड खातात असं मी सढळ हातानं धरते, म्हणजे वरून ५,००० सोडायचे. दहा वॅटचा बरा दिवा ९०० लुमेन देतो. सहा पुरे. शिवाय कोव्हमध्ये, म्हणजे सीलिंगच्या कडेच्या खाचेत, एलईडी पट्टी आहेच. जास्त दिवे लावून मग ते तीस टक्क्यांवर चालवणारी घरं मी पाहिली आहेत, पैसे मात्र शंभर टक्क्यांचे गेलेले असतात.

किचनमध्ये सून म्हणाली, मधोमध चार द्या. मधोमध दिले तर ओट्यासमोर उभं राहिल्यावर आपलीच सावली चिरायच्या पाटावर पडते. म्हणून दोन दिवे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, आणि कपाटाखाली पट्टी. तिथे स्मार्ट काही नको. फोडणी टाकताना कुणी मोबाइल हातात घेत नाही.

सकाळी ११.३०

आता खरा वाद. काका म्हणाले, “मॅडम, बटण दाबलं की लाइट लागली पाहिजे. मला बाकी काही कळत नाही.” मला तर वाटतं त्यांनाच सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. दिवा स्वतः स्मार्ट असेल तर त्याला चोवीस तास वीज लागते. काकूंनी सवयीनं भिंतीवरचं बटण बंद केलं की ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ येतं, आणि आवाज देऊन काही होत नाही. उलट दिवा साधा ठेवून बटणामागे छोटं स्मार्ट मॉड्यूल बसवलं, तर काका बटण दाबतील, मुलगा मोबाइलवरून चालवेल, आणि कुणाचं कुणावाचून अडणार नाही. फक्त त्यात रंगछटा बदलत नाही.

त्या मॉड्यूलला बहुतेक वेळा न्यूट्रल लागतो. वायरमननं बोर्ड उघडले. सॉकेट असलेल्या बोर्डांत न्यूट्रल होता. पलंगाजवळच्या, नुसती बटणं असलेल्या बोर्डांत नव्हता. भिंती अजून उघड्या आहेत, आजच ओढून घ्या म्हटलं. वायरचा खर्च किरकोळ आहे, रंग झाल्यावर भिंत फोडायचा नाही.

मग वाटणी झाली. हॉलचे सहा आणि मुलाच्या बेडरूमचे चार दिवे स्मार्ट, वॉर्मपासून कूलपर्यंत बदलणारे. काका-काकूंच्या खोलीत साधे ३००० केल्व्हिनचे, मागे मॉड्यूल. टॉयलेटमध्ये सेन्सर.

दुपारी १.३०

तपकीर गल्ली, विजेच्या सामानाचा बाजार. गाडी लांब लावून चालत जायचं, दुसरा इलाज नाही. माझ्या पिशवीत वॉलनट लॅमिनेटचा तुकडा आणि लाल खणाचं एक कापड असतं. दुकानदार दिवा लावून छताकडे बघायला सांगतो, मी कापडाकडे बघते. सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. ८० च्या दिव्याखाली लाल रंग मळकट दिसतो, ९० च्या खाली उठून येतो. खोक्यावरचा आकडा वाचण्यापेक्षा हे लवकर कळतं.

मग दिवा दहा टक्क्यांवर आणून मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा त्याच्यावर धरायचा. काळे पट्टे धावले की ड्रायव्हर स्वस्तातला. पूर्ण तेजात बरेचसे दिवे शहाण्यासारखे वागतात, डिम केल्यावर खरं रूप दिसतं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, असं कोणी बघत नाही.” मग त्यानं स्वतःच दुसऱ्या कंपनीचा दिवा काढून कॅमेऱ्यासमोर धरला.

ड्रायव्हर वेगळा असावा, कनेक्टरनं जोडलेला. आधी मरतो तो तोच, एलईडी नाही. त्यावर बीआयएसचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघायचा. आणि कटआउट. नऊ-दहा वॅटचे दिवे कंपनीगणिक वेगळ्या भोकाचे असतात, आणि तीन वर्षांनी तेच मॉडेल मिळेल याची खात्री दुकानदारसुद्धा देत नाही. म्हणून सगळीकडे ९५ मिलिमीटर, आणि दोन दिवे जास्तीचे, माळ्यावर ठेवायला. आणखी एक : खोल बसवलेला दिवा डोळ्यांत कमी टोचतो, पण त्याला उंची लागते. आमचं सीलिंग फक्त साडेचार इंच उतरलंय. एक सुंदर मॉडेल त्यामुळे परत ठेवावं लागलं.

दुपारी ४.००

परत साइटवर, नमुन्याचा एक दिवा तात्पुरत्या वायरवर लटकवून. जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झवर आणावा लागला, कारण वायफायवाले दिवे बहुधा तेवढाच पट्टा ओळखतात. राउटर चपलांच्या कपाटात ठेवायचा बेत होता, तो मी हाणून पाडला. इंटरनेटवाल्यानं दिलेला राउटर टीव्ही, फोन, कॅमेरे यांनीच दमलेला असतो, त्यात दहा दिवे आणखी. दिवे याहून जास्त असते तर मी हब लागणारे झिगबीचे घ्यायला लावले असते. मॅटर हे सामायिक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून खोक्यावर ते चिन्ह दिसलं की मी पसंती देते. उद्या ॲपची कंपनी बदलली तरी दिवे भंगारात जायला नकोत.

संध्याकाळी ६.००

मेन स्विच पाडून परत चालू केला. नमुन्याचा दिवा पूर्ण तेजात लागला. खोक्यातून तसाच सेट होऊन येतो. रात्री तीनला लाइट गेली आणि साडेतीनला आली, की झोपलेल्यांच्या डोळ्यांवर चार दिवे एकदम. ॲपमध्ये ‘आधी होतं तसं’ निवडलं की थांबतं, पण ही सोय प्रत्येक दिव्यात नसते. घेण्याआधी विचारायचीच. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचंही आत्ताच ठरलं, नाहीतर अंधारात दिवे चालू आणि ॲप बंद.

काकांनी विजेचं विचारलं. बंद असतानाही असा दिवा जागा असतो. अर्धा वॅट धरला तर दहा दिव्यांचे महिन्याला साडेतीन-चार युनिट. “चालेल,” म्हणाले, “पण माझ्या खोलीत नको.”

रात्री ८.४५

मुलाचा फोन. “ताई, टॉयलेटमध्येपण रंगीत टाकूया ना?” म्हटलं, भोक तेवढंच आहे, दिवाळीत तुम्ही स्वतः बदला. पीओपीवाल्याला ९५ चा कटर घेऊन यायला सांगितलंय. सकाळी आठला येतो म्हणालाय, म्हणजे साडेनऊ.