गुरुजी, तुमचा आर-वन झाला का?

तुमच्या टीममधला कुणी ना कुणी एच-वनच्या लॉटरीकडे डोळे लावून बसलेला असतोच. वर्षाला 85 हजार जागा आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट! आता गंमत ऐका. अमेरिकेच्या एका वर्क व्हिसाला लॉटरी नाही, वार्षिक कोटा नाही, इंजिनीअरिंगची डिग्री तर नाहीच नाही. त्याचं नाव आर-वन. 1990च्या इमिग्रेशन कायद्यातून तो आला आणि पाद्री, रब्बी, मौलवी यांच्या रांगेत आपले गुरुजीही जाऊन उभे राहिले.

समजा, मुरगूडचा एक पंचविशीतला गुरुजी आहे. कागल तालुक्यातलं वेदगंगेकाठचं, उसाच्या पट्ट्यातलं हे गाव. सकाळी सत्यनारायण, दुपारी वास्तुशांत, संध्याकाळी बाइकला किक मारून आदमापूरच्या रस्त्याला आणखी एक पूजा. हातात पडेल ती दक्षिणा त्याची. त्याला न्यू जर्सीच्या एखाद्या मंदिरातून फोन आला, तर?

पहिला फंडा असा की अर्ज तो करतच नाही, मंदिर करतं. मंदिर करमुक्त, ना-नफा संस्था हवी आणि सरकारी माणसं तिथे पाहणीलाही येऊ शकतात. काम आठवड्याला किमान 20 तासांचं. गुरुजी मागची दोन वर्षं त्याच पंथाचा सदस्य हवा. आता बोला! देवळाचं मेंबरशिप कार्ड आपल्याकडे कधी कुणी काढलंय? मग पाठशाळेचं प्रमाणपत्र, देवस्थानचं पत्र अशी जमवाजमव सुरू होते.

फॉर्ममध्ये जातीचा रकाना मात्र नाही, आणि याचं मोल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. मुरगूडच्या तलावाला ज्यांचं नाव आहे, त्या सर पिराजीराव घाटगेंचे थोरले बंधू म्हणजे राजर्षी शाहू महाराज. वेदोक्ताचा वाद अंगावर घेतलेल्या महाराजांनी 1920मध्ये कोल्हापुरात वैदिक विद्यालय काढलं, ते मराठा मुलांना पौरोहित्य शिकवायला. पूजा सांगायचा अधिकार कुणाला, यावर आपल्याकडे केवढं रण माजलं! अमेरिकेच्या साहेबाला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला ट्रेनिंगचा कागद दाखवा, बस्स.

खरी गोम पुढेच आहे. हा व्हिसा एका संस्थेशी बांधलेला असतो. परस्पर कुणाच्या घरी पूजा सांगून दक्षिणा खिशात घातली, तर ते बेकायदा काम. मुरगूडमध्ये स्वतःचा मालक असलेला माणूस तिथे पगारी नोकर होतो. मंदिर बदलायचं तर नव्या मंदिराने नव्याने अर्ज करायचा. बायको आर-टूवर जाते. तिला शिकता येतं, नोकरी करता येत नाही. म्हणजे भांडण झालं तरी ज्याच्याशी झालं, त्याच्याच हातात तुमचा व्हिसा!

हे किती टोकाला जाऊ शकतं, याची चर्चा 2021च्या मे महिन्यात झाली. न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिलच्या बीएपीएस स्वामीनारायण मंदिरावर काम करणाऱ्या भारतीय कामगारांनी कोर्टात दावा लावला. आर-वनवर आणून आपल्याला बांधकामाला जुंपलं, तासाला सव्वा डॉलरही पडत नव्हता, पासपोर्ट काढून घेतले, असे आरोप होते. संस्थेने ते फेटाळले आणि सरकारने फौजदारी चौकशी सप्टेंबर 2025मध्ये कुणावरही आरोप न ठेवता बंद केली. नियम मात्र स्पष्ट आहे. झाडलोट, देखभाल, कारकुनी हेच मुख्य काम असेल, तर आर-वन नाही. तेव्हा ऑफर लेटरमध्ये कामाचं वर्णन वाचा आणि पासपोर्ट स्वतःच्याच बॅगेत ठेवा, हे आमचं फुकट कन्सल्टिंग!

मुदत आधी 30 महिने, मग आणखी 30. पाच वर्षं भरली की देश सोडायचा, आणि पूर्वी किमान एक वर्ष बाहेर काढल्याशिवाय पुन्हा आर-वन नाही. तोवर गावाकडची यजमानांची घरं दुसऱ्या गुरुजींनी धरलेली असायची. ही वर्षभराची अट अमेरिकेने जानेवारी 2026मध्ये काढून टाकली. बाहेर पडावं लागतंच. पण मंदिराचा नवा अर्ज मंजूर झाला आणि बीकेसीतल्या कॉन्सुलेटने व्हिसा दिला, की मुरगूडला बॅग पुरती उघडायच्या आत परतीचं विमान धरता येतं.