शिकवणाऱ्याने शिकायचे, तर वर्ग कोणी घ्यायचा?

तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी तुमची मुलगी शनिवारी घरी येते आणि सांगते, "आमचे अर्थशास्त्राचे सर ट्रेनिंगला गेलेत. तीन आठवडे तास नाहीत." तुम्ही मनात म्हणता, प्राध्यापक झालेल्या माणसाला आणखी कसले ट्रेनिंग? आणि गेले तर गेले, पोरांचे तास कोणी घ्यायचे? या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसरे अवघड आहे, आणि सरकारी अनुदानाची खरी गोम त्यातच आहे.

आधी सोपे घेऊ. प्राथमिक शाळेत शिकवायचे तर शिक्षणशास्त्राची पदविका लागते, हायस्कुलात बी. एड्. लागते. कॉलेजात शिकवायला मात्र शिकवण्याची अशी कोणतीच पदवी लागत नाही. एम्. ए. किंवा एम्. एस्सी. व्हायचे, नेट नाहीतर सेट ही परीक्षा पार करायची, नेमणूक मिळाली की सोमवारी साठसत्तर मुलांपुढे उभे राहायचे. विषय येत असतो. तो दुसऱ्याच्या गळी कसा उतरवायचा, हे ज्याचे त्याने मुलांवरच प्रयोग करून शिकायचे. बरे, विषय तरी जागच्या जागी राहतो का? १९९० साली अर्थशास्त्रात एम्. ए. झालेल्या माणसाच्या टिपणवह्या १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणाने वर्षभरात जुन्या करून टाकल्या. त्याच वह्या पुढे कितीतरी वर्षे वर्गात वाचल्या गेल्या असतील, तर त्यात एकट्या प्राध्यापकाचा दोष नाही.

ही उणीव स्वातंत्र्याच्या आरंभीच ध्यानात आली होती. १९४८-४९ साली डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. शिक्षकांसाठी सुटीत उजळणीवर्ग भरवावेत, असे त्याने सुचवले. विद्यापीठांना पैसा देणारी स्वतंत्र संस्था हवी, हेही त्याचेच सांगणे. त्यातून विद्यापीठ अनुदान आयोग उभा राहिला. २८ डिसेंबर १९५३ रोजी मौलाना आझादांनी त्याचे उद्घाटन केले, आणि १९५६ साली संसदेने कायदा करून त्याला पक्के रूप दिले. मुंबईच्या प्रश्नावर त्याच वर्षी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख, आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, त्याचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत राहिले. देशाची तिजोरी सांभाळलेला माणूस कॉलेजांची ग्रंथालये आणि प्रयोगशाळा यांच्या हिशेबात लक्ष घालू लागला, हे काही थोडे नव्हे.

आयोगाचा पैसा कोणत्याही कॉलेजाला मिळतो असे मात्र नाही. त्या कायद्याच्या कलम २ (एफ) आणि १२ (बी) यांखाली नोंद झालेली असावी लागते. कॉलेजाच्या कागदांवर हे आकडे पुष्कळदा छापलेले असतात. तो काही टेलिफोन नंबर नव्हे. शिवाय पूर्वी बऱ्याच बाबतींत आयोग आपला हिस्सा देई आणि उरलेला संस्थेने उभा करायचा असे. शहरातल्या जुन्या कॉलेजाला ते जमे. खेड्यातली संस्था आधी हिस्सा गोळा करण्यातच थकून जाई.

इमारती, पुस्तके, उपकरणे यांना पैसा देणे हे एक. शिकवणाऱ्याला शिकण्यासाठी सवड देणे हे दुसरे, आणि ते जास्त कठीण. आपल्याकडे वारीला निघणारा माणूस आधी गुरांना वैरण-पाणी कोण घालील ते बघतो. मगच पताका खांद्यावर घेतो. १९७० नंतरच्या दशकात आयोगाने 'फॅकल्टी इंप्रूव्हमेंट' या नावाची जी योजना काढली, तिचे मर्म नेमके हेच होते. कॉलेजातल्या कायम प्राध्यापकाने विद्यापीठात जाऊन एम्. फिल्. किंवा पीएच्. डी. करावी. त्या काळात त्याचा पगार नेहमीसारखा चालू राहावा. आपल्याकडे अनुदानित कॉलेजांचे पगार राज्य सरकार देते, तेव्हा तो भार राज्याकडेच राही. आणि त्याच्या जागी वर्ग घ्यायला जो बदली शिक्षक नेमायचा, त्याचा पगार आयोग भरून देई. फेलोशिप म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जाणाऱ्या माणसाला मिळणारे पैसे येतात. इथे मोठी रक्कम जाई ती मागे राहिलेल्या वर्गासाठी. मला तरी ही सरकारी कागदावरची फार शहाणपणाची ओळ वाटते.

पण ती ओळ प्रत्यक्षात उतरायची तर बदली शिक्षक वेळेवर मिळायला हवा, त्याला नेमायला मंजुरी हवी, आणि अर्ध्या सत्रासाठी आडगावी येऊन राहणारा चांगला माणूस हवा. तो मिळाला नाही की त्या तासांचे ओझे बाकीच्या सहकाऱ्यांवर, नाहीतर सरळ मुलांवर. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. संशोधन करून आलेला प्राध्यापक डॉक्टर होई, विषयात मुरे, यात शंका नाही. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना तो अधिक चांगले शिकवी का, हे कुणी वर्गात बसून पाहत नव्हते. पदवी मोजता येते, शिकवणे मोजता येत नाही. पुढे एम्. फिल्. तर २०२२ च्या नियमांनी बंदच झाली.

त्याच सुमारास, १९७० च्या आगेमागे, आयोगाने विज्ञान महाविद्यालयांसाठी 'कोसिप' नावाची निराळी वाट काढली. इथे पैसा एका माणसाला मिळत नसे, सगळ्या विभागाला मिळे. प्रयोगशाळेत नवे प्रयोग बसवा, अभ्यासक्रम तपासा, मुलांना स्वतः काही करून पाहू द्या, असा तिचा रोख होता. तिच्या जोडीला विद्यापीठातला एखादा विभाग पुढाकार घेऊन भोवतालच्या कॉलेजांना त्या विषयात हात देई. जयपूरला राजस्थान विद्यापीठात प्रा. बी. एल. सराफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीच्या वर्गांसाठी पदार्थविज्ञानाचे प्रयोग नव्याने रचले आणि ते ग्रंथरूपाने दोन भागांत प्रसिद्ध केले. एकटा माणूस शिकून येतो तेव्हा त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, की शिकलेले त्याच्याबरोबर जाते. बसवलेला प्रयोग टेबलावर राहतो. माझे मत या दुसऱ्या वाटेकडे झुकते.

मग १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि १९८७ पासून विद्यापीठांतून 'ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे' सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद येथे ती निघाली. नव्या प्राध्यापकासाठी चार आठवड्यांचा उद्बोधनवर्ग, जुन्यासाठी आपल्या विषयाचा तीन आठवड्यांचा उजळणीवर्ग, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय. तुमच्या मुलीचे सर याच परंपरेतल्या वर्गाला गेलेले असणार. पुढे या संस्थांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र असे झाले, आणि २०२३ पासून त्या मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखल्या जातात. या वर्गांचा सगळ्यात मोठा लाभ वेळापत्रकात छापलेला नसे. गडचिरोलीचा इतिहासवाला आणि मुंबईचा रसायनवाला एका खोलीत महिनाभर राहत आणि रात्री एकमेकांना विचारत, "तुझ्याकडे मागच्या बाकावरच्या पोरांचे तू काय करतोस?"

पण या वर्गांची सांगड वरच्या वेतनश्रेणीशी घातली गेली, आणि प्रमाणपत्र हीच पुष्कळांची गरज होऊन बसली. बढतीची तारीख जवळ आली की उजळणीची आठवण होते. आता तर बरेच वर्ग घरबसल्या चालतात. २०१८ साली 'स्वयम्' या सरकारी मंचावर 'अर्पित' नावाचे उजळणीवर्गही निघाले. प्रवास वाचला, आडगावच्या प्राध्यापिकेला मूल घरी ठेवून महिनाभर दूर राहावे लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. मात्र माणूस गावातच असल्याने त्याला रजा कशाला, बदली शिक्षक तरी कशाला, असा विचार कुठेही सहज होतो. मग सकाळी कॉलेजचे तास, दुपारी पडद्यावरचा वर्ग, आणि दोन्हीकडे अर्धे लक्ष.

आणि ज्यांचा या हिशेबात उल्लेखच होत नाही, ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत तासांचा मोठा भार तेच उचलतात. फेलोशिपची ती योजना होती कायम नेमणूक असलेल्यांसाठी. म्हणजे ज्याच्या हाती तुमच्या मुलीचा वर्ग आहे, नेमके त्यालाच शिकायला पाठवणारे कोणी नाही. तीन आठवडे गेला तर त्याचे तासांचे पैसे बुडतात.

तेव्हा पुढच्या पालकसभेला जाल त्या वेळी सर ट्रेनिंगला का गेले, असे विचारू नका. तीन साध्या गोष्टी विचारा. त्यांच्या गैरहजेरीत तास कोणाकडे दिले आहेत? परत आल्यावर त्यांनी विभागातल्या बाकीच्यांना, तासिकेवरच्या शिक्षकांना धरून, एक दिवस बसवून काय शिकून आलो ते सांगितले का? आणि मुलीच्या वहीत या सत्रात काही नवे उतरले का? शेवटचे तर सभेत विचारण्याचेही कारण नाही. वही घरीच आहे.