घोड्याचा शृंगार

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार किंवा राजस्थानातील पुष्करचा मेळा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे सांगावयास नको की, घोडा तेथे नुसता आणीत नाहीत, नटवून आणतात. अंगाला भरपूर खरारा केलेला असतो, आयाळ विंचरलेली असते, गळ्यात माळा, पायांत घुंगरू, आणि खूर तेल लावून चकचकीत केलेले. यात वावगे काही आहे असे मला वाटत नाही. खराऱ्याने कातडीवरचा मळ निघतो, अंगावरची लहानसहान जखम मोतद्दाराच्या नजरेस येते, आणि ओळखीचा हात अंगावरून फिरलेला घोड्यालाही रुचतो. प्रश्न निर्माण होतो तो, हा शृंगार घोड्याच्या अंगावर काही चढविण्याऐवजी त्याच्या अंगचेच काही काढून घेऊ लागतो तेव्हा.

याचे जुने आणि ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडातील शेपटी तोडण्याची चाल. घोड्याची शेपटी म्हणजे नुसते केस नव्हेत. तिच्या वरच्या भागात पाठीच्या कण्याचीच हाडे असतात, आणि ती हाडासकट छाटली जाई. गाडीच्या लगामात शेपटी अडकते, असे समर्थन त्यासाठी दिले जाई. पण खरे कारण बहुतेक वेळा आखूड शेपटीचा घोडा तरतरीत दिसतो एवढेच असे. अॅना स्यूएल या लेखिकेने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीत अशा एका शेपूटतुट्या घोड्याचे गाऱ्हाणे त्याच्याच तोंडी घातले आहे. माश्या वारण्याचे साधनच गेल्यावर जन्मभर त्या सोसण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हते. ब्रिटनमध्ये या चालीला कायद्याने बंदी झाली ती १९४९ साली, म्हणजे पुस्तकानंतर बहात्तर वर्षांनी!

शेपटीचा निवाडा अवघड नाही. तेथे वेदना आहे आणि कायमचे नुकसानही आहे. अवघड प्रश्न आहे तो मिशांचा. घोड्याच्या ओठांभोवती, नाकपुड्यांपाशी व डोळ्यांजवळ लांब, राठ, विरळ केस असतात. मुस्कट गुळगुळीत आणि रेखीव दिसावे म्हणून प्रदर्शनापूर्वी ते कापण्याचा किंवा वस्तऱ्याने काढण्याचा प्रघात पाश्चात्य देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. हे करताना घोड्याला दुखत नाही, आणि केस पुन्हा उगवतात. मग आक्षेप कशाला?

याचे उत्तर घोड्याच्या शरीररचनेत आहे. घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असल्यामुळे सभोवारचा जवळजवळ सारा प्रदेश त्याला दिसतो; दिसत नाही ते नेमके नाकाखालचे आणि ओठांपुढचे. जो घास तो खात असतो तो त्याला दिसत नाही! ही उणीव स्पर्शाने भरून निघते, आणि त्या स्पर्शात मोठा वाटा या केसांचा असतो. या केसाचे मूळ साध्या केसाहून खोल असते. त्याभोवती रक्ताने भरलेली एक पिशवी व मज्जातंतूंचे दाट जाळे असते, आणि टोकाला झालेला किंचित स्पर्शही मेंदूपर्यंत पोहोचतो. तोबऱ्याचा तळ किती दूर आहे, अंधाऱ्या पागेत भिंत कोठे आहे, चाऱ्यात काटा आहे की काय, याची वर्दी घोड्याला अशा स्पर्शातून मिळते. नुकत्याच जन्मलेल्या शिंगराच्या तोंडावरही हे केस असतात. तेव्हा ते कापणे म्हणजे हजामत नव्हे. काही आठवड्यांपुरते का होईना, एक इंद्रिय बोथट करणे होय.

आजवर इतक्या घोड्यांचे केस कापले, कोणी तक्रार केली नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तक्रार कोणी करावयाची? घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या जातीचा. आपली अडचण लपविणे त्याच्या रक्तातच आहे.

तथापि घोडेवाल्यांचा एक मुद्दा मला रास्त वाटतो. ते म्हणतात, आम्ही एकट्यानेच केस राखले तर परीक्षक आमचा घोडा गबाळा समजून गुण कापतो. जेथे एकट्याने नीट वागल्यास केवळ नुकसान पदरी पडते, तेथे उपदेशाचा उपयोग नसतो. तेथे सर्वांना एकाच दिवशी लागू होणारा नियम हवा. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून असा नियम केला. ज्या घोड्याचे हे स्पर्शकेस कापलेले वा काढलेले असतील, तो महासंघाच्या स्पर्धेस अपात्र. जर्मनीने तर अशी बंदी त्याआधीच, १९९८ मध्ये घातली होती. नियमांचे मसुदे वाचण्यात हयात घालविणाऱ्या माझ्यासारख्याला या नियमाची रचना आवडली. केस दुखत वा खुपत असेल तर पशुवैद्य तो काढू शकतो, आणि उपचारासाठी जेवढा भाग मोकळा करावा लागेल तेवढ्यालाही सवलत आहे. घोड्याच्या हितासाठी काढलेला केस चालतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी काढलेला चालत नाही.

आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्याचा रोख मुख्यत्वे अनावश्यक यातना व अंगच्छेद यांवर आहे. मिशा कापणे यांपैकी कशात बसवावयाचे म्हटले तर माझ्या समजुतीप्रमाणे ओढाताणच होईल. महासंघाचा नियमही जत्रांतील व मेळ्यांतील स्पर्धांना आपोआप लागू होत नाही. परंतु अशा स्पर्धांचे संयोजक आपली नियमपत्रिका स्वतःच ठरवीत असतात. घोड्याची उंची, वय, चाल, कानांची ठेवण आणि अंगावरचे भोवरे इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांना मुस्कटावरचे केस शाबूत आहेत की नाहीत, हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागू नये. कानांच्या बाबतीतही तोच विवेक करता येईल. आतील केस धूळ आणि माश्या अडवितात, म्हणून ते राखावे. दोन्ही कडा हलकेच एकत्र धरून बाहेर येतील तेवढेच केस कात्रीने सारखे केले, म्हणजे कान रेखीव दिसण्यास तेवढे पुरते.