जुन्या तक्त्यावर काडतूस भरायचं?

अमेरिकेत बरेच नेमबाज रायफलचं वापरलेलं काडतूस घरीच पुन्हा भरतात: नवा प्रायमर, मोजून पावडर, नवी गोळी. मोजमाप ग्रेनमध्ये. १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, मिठाची चिमूटसुद्धा याहून जड! आणि गोळी सुटते तेव्हा रायफल गालाला टेकलेली असते. म्हणून किती पावडर भरायची, हे सांगणारा तक्ता, म्हणजे लोड डेटा, ताजाच हवा.

मी तर आधी पावडर बनवणाऱ्याकडेच बघायला सांगेन. हॉजडनचा डेटा ऑनलाइन फुकट मिळतो. गोळी बनवणाऱ्यांची हँडबुकंही असतात, हॉर्नडीचं आहे ना, तसं. पण आवृत्ती बघून घ्या. आजोबांच्या कपाटातलं पुस्तक आठवण म्हणून झकास, मापासाठी नको. दाब मोजायची पद्धतच बदललीय: पूर्वी तांब्याचा तुकडा किती चेपला ते बघायचे, आता इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो.

खरी गंमत नावात आहे. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१, आकडा तोच, पावडर वेगळी! आयएमआरवाली लवकर जळते. एचचं कमाल माप तिला लावलं, तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. त्यामुळे डब्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवायचं, गोळीचं वजनही. सुरुवात तक्त्यातल्या किमान मापापासून. व्हिडिओखालच्या कमेंटमधलं माप? अजिबात नाही.

आणि हो, भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. इथे फक्त ऐका!