लाँचच्या वेळेवर चालणारी गावं

कोयनेच्या खोऱ्यात घराबाहेर पडणारा माणूस आधी पाण्याकडे बघतो. पाणी कुठवर चढलंय की ओसरलंय, यावर लाँच कुठे लागणार ते ठरतं. आणि दवाखाना, बाजार, कॉलेज, तहसील कचेरी हे सगळं लाँचवर ठरतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे, कांदाटी आणि सोळशीच्या खोऱ्यांत, चार-दोन घरांच्या वाड्या डोंगराला धरून बसल्या आहेत. त्यांचा रस्ता म्हणजे बामणोली आणि तापोळ्याहून सुटणारी लाँच.

लाँच चालवण्याचं काम मी लाँचमध्येच बसून जवळून पाहिलं. सकाळी धुकं पाण्यावरून हललेलं नसतं, तेव्हा चालक तळात साचलेलं पाणी डब्याने उपसतो, डिझेल बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. मग सामान चढतं. सिमेंटची पोती, पत्रे, गॅसची टाकी असलं जड सामान मधोमध. माणसं दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर सारखी वाटून. एका अंगाला गर्दी झाली की चालक नुसता हात करतो आणि दोघेजण मुकाट्याने पलीकडे सरकतात. खलाशी दोर सोडतो, लांब बांबू किनाऱ्याला टेकवून जोर लावतो, आणि लाँच मागे सरते.

पलीकडे बऱ्याच ठिकाणी धक्का नाहीच. खलाशी घोटाभर पाण्यात उडी मारून फळी टाकतो. दवाखान्यातून परतलेल्या म्हातारीचं कोपर धरून म्हणतो, “दमानं आजी, फळी वली हाय.” उतरणाऱ्यांना चालक बजावतो, “चारला शेवटची. चुकली तर मुक्काम.”

सप्टेंबरात धरण भरलेलं असताना लाँच गावाच्या अगदी जवळ जाते. उन्हाळ्यात पाणी उतरत जातं, तशी लागण्याची जागाही खाली सरकते. मग भेगाळलेला गाळ तुडवत, डोक्यावर ओझं घेऊन पाण्यापर्यंत चालावं लागतं. पाण्याखालची टेकाडं कुठे वर येतात हे चालकाला तोंडपाठ असतं. सप्टेंबरातली वाट मे महिन्यात चालत नाही.

ही वस्ती आपसूक विरळ झालेली नाही. साठच्या दशकात धरण झालं आणि नदीकाठची भातखाचरं पाण्याखाली गेली. कित्येक गावं उठली. उरलेली वर सरकली, आणि तिथली तरणी माणसं मुंबईला माथाडी कामाला लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने घरं पाडली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सांगली जिल्ह्याच्या कडेला वारणेवरच्या चांदोलीचीही कथा हीच: आधी धरण, मग जंगल, आणि उठलेली गावं.

या त्यागावर बाकीचे जगले. १०५ टीएमसीच्या या साठ्यातून कृष्णा लवादाने ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला जातं. पूर्वेला सोडलेलं पाणी कृष्णेला मिळतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पंप ते उचलून सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात नेतात. आटपाडीच्या डाळिंबाला आणि जतच्या रानाला मिळणाऱ्या पाण्यात कोयनाकाठच्या बुडालेल्या खाचरांचा वाटा आहे.

अशा विरळ वस्तीकडे वेगळ्या नजरेनेही बघता येतं. नॉर्वेत उत्सिरा नावाचं बेट आहे. वस्ती जेमतेम दोनशे, तरी त्याची स्वतंत्र नगरपालिका आहे आणि १९२६ मध्ये तिथे देशातली पहिली महिला नगराध्यक्ष झाली. मुख्य भूमीवरच्या हाउगेसुंडहून तिथे फेरीबोट जाते. माणसं थोडी आहेत, म्हणजे त्यांचा हक्कही थोडा, असं तिथे कुणी म्हणत नाही. फेरीबोट म्हणजे पाण्यावरून जाणारा सार्वजनिक रस्ताच, असं मानलं जातं.

आपल्याकडेही हाच हिशेब हवा. तापोळ्याजवळ मोठा पूल उभारला जातोय, तो हवाच. पण आडबाजूच्या वाड्यांचा रस्ता त्यानंतरही पाण्यावरूनच जाईल. पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, रात्री-अपरात्री आजाऱ्याला नेणारी लाँच आणि वर्षभर पाळलं जाणारं वेळापत्रक, एवढं तरी या माणसांना मिळायला हवं. गावात किती डोकी उरली हे मोजून लाँच ठरवू नये. ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभं आहे, त्यांना ते ओलांडून देणं हे आपलं देणं आहे.